पुस्तकातली स्ट्रिप कळते, मॉनिटरवरची कळत नाही. रिदम ओळखायला शिकायचं कसं?

नवी_आयसीसीयूत

नमस्कार सगळ्यांना. मी स्टाफ नर्स आहे. चार वर्षं सर्जरी वॉर्डात काढली, तीन आठवड्यांपूर्वी आयसीसीयूत, म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात, बदली झाली. इथे प्रत्येक शिफ्टला आपापल्या पेशंटची सहा सेकंदांची स्ट्रिप (ईसीजीची कागदी पट्टी) काढायची, फाइलला चिकटवायची, खाली रिदम, म्हणजे ठोक्यांची चाल, लिहून सही करायची. माझं घोडं सहीपाशीच अडतं.

पुस्तकातल्या स्ट्रिप मला येतात. दर ठोक्याला आधी पी हा छोटा उंचवटा (हृदयाचे वरचे कप्पे), मग क्यूआरएस हे उंच टोक (खालचे कप्पे; त्याचा माथा म्हणजे आर), शेवटी टी. एएफ (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) म्हणजे पी गायब आणि क्यूआरएसच्या अंतराला काही ताळतंत्र नाही. फ्लटर (वरच्या कप्प्यांची वेगवान, नियमित लय) म्हणजे करवतीचे दात. व्हीएफ (खालचे कप्पे नुसते थरथरतात, नाडी बंद) तर कोणीही ओळखेल. पण पुस्तकातला पेशंट कूस बदलत नाही, खोकत नाही, त्याला घाम येत नाही. मॉनिटरवर बेसलाइन लाटेसारखी वर-खाली होत असते आणि जो उंचवटा दिसतो तो पी आहे की नुसतीच थरथर, इथेच माझी गाडी रुतते.

परवाच्या नाइटला तर फजितीच झाली. पेशंट गाढ झोपलेला, बीपी छान, आणि मधूनच एक ठोका गळत होता. मी पीआर, म्हणजे पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर, मोजला. चार बारीक घरं, प्रत्येक ठोक्याला तेवढाच. म्हटलं पीआर वाढत नाही, क्यूआरएस गळतोय, म्हणजे मोबिट्झ टू, वरून खाली येणारी वाट मधेच बंद होणारा ब्लॉक. रात्री अडीचला रजिस्ट्रार डॉक्टरांना उठवलं. ते आले, स्ट्रिपकडे दोन सेकंद बघितलं, "ब्लॉक्ड एपीसी आहे सिस्टर," म्हणाले आणि गेले. रागावले नाहीत, पण समजावलंही नाही. मी वहीत अंतरं उतरवून घेतली. आर ते आर मोठी घरं: चार, चार, चार, सात, चार, चार.

त्यांना दोन सेकंदांत काय दिसलं जे मला वीस मिनिटांत दिसलं नाही? आणि हे शिकायचा काही रस्ता आहे की वर्षानुवर्षं बघत राहायचं, एवढाच?

---

घोकंपट्टी_झिंदाबाद

मी फ्लॅशकार्ड करून शिकलो. पुढे स्ट्रिप, मागे नाव. ड्युटीवरून सुटलो की रोज पन्नास. दोन महिन्यांत नजर बसते. ब्लॉकचे चार प्रकार मात्र आधी तोंडपाठ करून टाका, त्याला दुसरा उपाय नाही. पीआर लांब पण कायम, तो फर्स्ट डिग्री. वाढत वाढत एक गळला, तो मोबिट्झ वन म्हणजेच वेंकेबाख. न वाढताच गळला, तो मोबिट्झ टू. पीला क्यूआरएसचा पत्ता नाही आणि क्यूआरएसला पीचा, तो थर्ड डिग्री. बाकी सरावाने जमतं.

---

रात्रपाळी

अगं, तुझं उत्तर तुझ्याच पोस्टच्या शेवटी आहे. चार, चार, चार, सात.

मोबिट्झ टू असता तर आठ आले असते. त्यात वर सायनस नोड (हृदयाचा ठोका सुरू करणारा भाग) आपलं काम चोख करत असतो, पी ठरल्या वेळीच येतो, फक्त खाली वाट बंद असते म्हणून त्याच्यामागे क्यूआरएस येत नाही. पुढचा पी परत वेळेवर. म्हणून गळलेल्या ठोक्याच्या जागी अंतर बरोब्बर दुप्पट होतं. तुझे भरले सात. एक घर कुठे गेलं?

ते वेळेआधी टपकलेल्या पीने खाल्लं. एट्रियामधून, म्हणजे वरच्या कप्प्यांतून, सायनस नोड सोडून दुसऱ्याच कुठल्या तरी जागेवरून एक ठोका लवकर निघाला. एव्ही नोड (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं दार) अजून आधीच्या ठोक्यातून सावरला नव्हता, त्याने दार उघडलं नाही, म्हणून क्यूआरएस नाही. हाच ब्लॉक्ड एपीसी. पण त्या आगाऊ पीने जाता जाता सायनस नोडचं घड्याळ मात्र शून्यावर आणलं. नोडने तिथून नव्याने मोजायला सुरुवात केली आणि पॉज दुपटीपेक्षा थोडा कमी भरला.

आता तो पी कुठे आहे ते बघ. पॉजच्या आधीच्या टीमध्ये. बाकीचे टी कसे आहेत ते आधी नीट बघून घे आणि मग त्या एका टीकडे ये. तो जरा टोकदार असेल, किंवा उतरत्या बाजूला कुबड असेल, किंवा नुसताच एखादा मिलिमीटर उंच. रजिस्ट्रारना दोन सेकंदांत दिसला तो तो टी. नुसते सात भरले म्हणून निकाल लावू नकोस हं, सायनस अॅरिदमिया असेल तर पी स्वतःच श्वासाबरोबर पुढेमागे होतो आणि हिशोब चुकतो. सात बघून संशय घ्यायचा, टी बघून शिक्का मारायचा. आणि मनाला लावून घेऊ नकोस, अचानक पॉज दिसला की सगळ्यात जास्त वेळा निघतो तो ब्लॉक्ड एपीसीच, आणि त्याला ब्लॉक समजून धावणारी तू पहिली नाहीस. रात्री अडीचला उठवलंस तेही बरोबर केलंस. मोबिट्झ टू खरा असता तर तो कधी कम्प्लीट ब्लॉकमध्ये (थर्ड डिग्री) जाईल याचा भरवसा नसतो.

मला एकोणीस वर्षं झाली कार्डिअॅकमध्ये, त्यातली बरीचशी नाइट. मी जे शिकले ते कागदाच्या कडेवर. खरंच कागदाच्या कडेवर. आमच्या युनिटला कॅलिपर (अंतर मोजायचा दोन टोकांचा चिमटा) एकच होता आणि तो कोणाच्या खिशातून कुठे गेला देव जाणे. कागदाची कड कोणी पळवत नाही.

एक कोरा कागद घे. त्याची सरळ कड स्ट्रिपवर अशी ठेव की पीची टोकं कडेच्या जरा वर दिसतील. एका पीच्या टोकाखाली पेन्सिलने बारीक रेघ मार. पुढच्या पीखाली दुसरी. आता कागद उजवीकडे सरकव, पहिली रेघ दुसऱ्या पीवर आण. दुसरी रेघ तिसऱ्या पीवर पडली? पुढे सरक. पॉजपाशी पोचलीस की थांब आणि रेघ जिथे पडली तिथे बघ. तिथे पी असेल आणि मागे क्यूआरएस नसेल, तर ब्लॉक. तिथे पी नाही पण अलीकडे टीमध्ये काहीतरी लपलंय, तर ब्लॉक्ड एपीसी. तिथेही नाही आणि टीमध्येही नाही, तर मुळात सायनस नोडच थांबला होता. या तिन्हींत पेशंटच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे आणि लांबून बघितलं तर तिन्ही चित्रं सारखीच दिसतात, एक मोकळी जागा.

म्हणून घोकंपट्टीवाल्या भावाशी मी भांडणार. व्याख्या पाठ कर, त्याला ना नाही. पण फ्लॅशकार्डने नजर बसते ती चित्रावर. तू "पीआर कायम, ठोका गळला" एवढं बघून मागच्या बाजूचं नाव वाचलंस, आणि तिथेच फसलीस. पीआर कायम आहे हे खरंच होतं! गळलेला पी वेळेवर आला होता का, हा प्रश्न कार्ड विचारत नाही.

कम्प्लीट ब्लॉकला हीच कड दोनदा वापरायची. एकदा पीसाठी, एकदा क्यूआरएससाठी, दोन वेगळे कागद. पी आपल्या चालीने, समजा ९०ने चाललेत. क्यूआरएस आपल्या चालीने, समजा ३६ने. दोन्ही आपापल्या जागी नियमित, एकमेकांशी बोलणं बंद. पीआर मात्र दर ठोक्याला वेगळा भरतो आणि नवशिक्याला वाटतं की हा वाढतोय म्हणजे वेंकेबाख. आर ते आर बघ. ते सरळ एकसारखं आहे? मग वेंकेबाख नाही, त्यात ठोका गळला की अंतर बदलणारच. काही पी क्यूआरएसच्या पोटात, काही टीवर बसलेले, ते डोळ्यांना दिसत नाहीत. कागदाची रेघ सांगते की इथे असायला हवा, मग तिथे टीचा आकार बघितलास की सापडतो. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि सांगायला जागं कोणी नव्हतं.

दुसरं, नाव शेवटी लिही. मी नवी असताना आमच्या इन्चार्ज सिस्टरनी मला तीन महिने स्ट्रिपखाली नाव लिहायला बंदी घातली होती. फक्त वर्णन. "रेग्युलर, रेट ७५, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी, सगळे पी सारखे, पीआर ०.१६, क्यूआरएस ०.०८." मला अपमान वाटायचा. नंतर कळलं की वर्णन पूर्ण झालं की नाव जवळजवळ आपोआप येतं. आणि नाव चुकलं तरी वर्णन बरोबर असतं, त्यावरून दुसरा माणूस ओळखू शकतो. फोनवर डॉक्टरांना "मोबिट्झ टू वाटतोय" म्हणण्यापेक्षा "रेट ७५, मधूनच पॉज, पॉज सात घरं, पीआर कायम ०.१६, पेशंट झोपलाय, बीपी चांगलं" म्हटलं असतंस, तर कदाचित ते पलंगावरूनच म्हणाले असते, टी बघा.

घरांचा हिशोब तुला माहीत असेल, तरी सांगते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून बारीक घर ०.०४ सेकंद, मोठं घर ०.२०. पीआर तीन ते पाच बारीक घरं, क्यूआरएस तीनच्या आत. रेटसाठी ३०० भागिले मोठी घरं. पण हे रेग्युलरलाच. एएफला असं केलंस तर कुठले दोन ठोके धरतेस त्यावर ६० येईल नाहीतर १५० येईल. तिथे सहा सेकंदांतले, म्हणजे तीस मोठ्या घरांतले क्यूआरएस मोज आणि दहाने गुण.

---

लीड_लावतो

ईसीजी टेक्निशियन. ताईंनी रिदमचं सांगितलं, मी त्याच्या आधीचं सांगतो. निम्म्या वेळा स्ट्रिप वाईट नसते, लीड वाईट लागलेली असते.

इलेक्ट्रोड घामावर, तेलावर, केसांवर चिकटवला की बेसलाइन नाचणारच. कातडी पुसा, कोरडी करा, केस असतील तर काढा, जेल सुकलेला पॅड फेका. हाडावर किंवा जाड स्नायूवर नको, दंडाच्या स्नायूची थरथर पीसारखीच दिसते. उघड्या पाकिटातले पॅड लवकर वाळतात आणि सगळे तेच वापरतात. रंगांचं बघा. दोन पद्धती चालतात. एकीत उजव्या हाताची वायर पांढरी, डाव्याची काळी. दुसरीत उजव्याची लाल, डाव्याची पिवळी. एकाच युनिटमध्ये दोन्ही जातीच्या केबल असतील तर रंग पाठ करू नका, वायरवरची अक्षरं वाचा. हातांच्या वायर उलट लागल्या तर लीड वनमध्ये सगळं पालथं दिसतं आणि मग लोक रोग शोधत बसतात.

आता थरथर. पार्किन्सनचा कंप सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा असतो, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. फ्लटरचे दात मिनिटाला ३००च्या आसपास. जुळलं ना? मी स्वतः एकदा फ्लटर म्हणून ग्राफ डॉक्टरांच्या हातात दिलाय आणि त्यांनी पेशंटचा हात धरून ठेवून दुसरा काढायला लावला. फ्लटर गेला! दात घासताना तर हुबेहूब व्हीटी (खालच्या कप्प्यांतून निघणारी वेगवान लय) येते. अलार्म ऐकून धावत गेलं तर पेशंट ब्रश तोंडात धरून आपल्याकडे बघत असतो.

कागदावरून ओळखायचं असेल तर त्या गदारोळात बारीक टोकदार खुणा शोधा. आधीच्या चांगल्या भागातलं आर ते आर कागदाच्या कडेवर घ्या (ताईंचीच युक्ती) आणि गदारोळावरून सरकवा. रेघेवर दर वेळी टोक सापडलं तर खाली मूळ रिदम शांत चालू आहे, वर फक्त आवाज आहे. शिवाय त्याच स्क्रीनवर खाली सॅच्युरेशनची लाट असते. वर व्हीएफ आणि खाली नाडीची लाट एका तालात, असं खऱ्या व्हीएफमध्ये होत नाही.

मॉनिटरच्या आकड्यावरही जाऊ नका. टी उंच असेल तर मशीन क्यूआरएस आणि टी दोन्ही मोजतं आणि ७० चे १४० दाखवतं. पेसमेकरवाल्या पेशंटचं उलटं आणि जास्त धोक्याचं. हृदय ठोका देत नसतानाही मशीन पेसमेकरच्या काड्या मोजून ७० दाखवू शकतं. नाडीला हात लावा.

---

नवी_आयसीसीयूत

रात्रपाळी ताई, आज ड्युटीवरून येऊन आधी वही काढली. मी त्या रात्री टीची उंचीही उतरवली होती, का ते माहीत नाही. बाकीचे टी तीन मिलिमीटर, पॉजच्या आधीचा पाच! तेव्हा डोळ्यांसमोर होता आणि दिसला नाही.

लीड दादा, दात घासण्याचं वाचून हसले, कारण गेल्या आठवड्यात मी धावले होते.

अजून एक विचारू का? फास्ट रिदममध्ये माझी दाणादाण उडते. पी शोधायचा म्हटलं तरी जागाच नसते. एसव्हीटी (वरून येणारी वेगवान लय) आणि व्हीटी वेगळी करायची कशी? आमच्याकडे कोणीतरी म्हणालं, पेशंट बोलतोय, बीपी आहे, म्हणजे व्हीटी नसणार.

---

रेसिडेंट_तिसरं_वर्ष

जे कोणी तसं म्हणालं त्यांना सांगा, हे डोक्यातून काढून टाका. व्हीटीतला पेशंट बसून गप्पा मारू शकतो. तासन्‌तास. बीपीवरून व्हीटी आहे की नाही हे ठरत नाही, पुढचं पाऊल किती घाईचं आहे तेवढं ठरतं.

सिस्टर, तुमच्या कामापुरता नियम सोपा आहे. रेट शंभराच्या वर, क्यूआरएस तीन बारीक घरांपेक्षा रुंद, रेग्युलर: दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती व्हीटी. मोठ्या माणसांत अशा रुंद टॅकीपैकी (वेगवान लयींपैकी) दहातल्या सुमारे आठ व्हीटीच निघतात, आणि आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर प्रमाण आणखी वर जातं. व्हीटीला एसव्हीटी समजून व्हेरापामिल हे औषध दिलं तर पेशंट कोसळू शकतो. उलट चूक सहसा निभावून जाते. म्हणून चुकायचंच असेल तर या बाजूला चुका. पेशंट स्थिर असेल तर बारा लीडचा ईसीजी लगेच काढून ठेवा, औषधाच्या आधी. नंतर रिदम सुटला की पुरावा गेला. फाइलमध्ये जुना ईसीजी असेल तर तोही काढून द्या. पूर्वीपासूनच बंडल ब्रांच ब्लॉक (खालच्या कप्प्यांतली एक वाट बंद) असेल आणि क्यूआरएस अगदी तसाच असेल, तर विचार बदलू शकतो.

व्हीटीत पी शोधायची जागा नसते म्हणता, पण कधीकधी असते. रुंद क्यूआरएसच्या रांगेत मधेच कुठेतरी, क्यूआरएसशी संबंध न ठेवता चालणारे पी सापडतात. आणि एखादाच ठोका अचानक सडपातळ, नेहमीसारखा. तो कॅप्चर बीट. वरून एक पी नेमक्या वेळी उतरला आणि त्याने एक ठोका पळवला. असा एक ठोका सापडला की व्हीटीवर जवळपास शिक्कामोर्तब. त्यासाठी सहा सेकंद पुरत नाहीत, लांब स्ट्रिप काढा.

अरुंद आणि रेग्युलर असेल तर प्रश्न सायनस, एसव्हीटी की फ्लटर असा असतो. इथे तुमचा हात माझ्यापेक्षा महत्त्वाचा. अॅडेनोसिन (एव्ही नोड क्षणभर बंद करणारं औषध) देताना प्रिंटचं बटण औषधाच्या आधी दाबा. या औषधाचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) दहा सेकंदांहून कमी आहे. जे काही दिसायचं ते तेवढ्यातच दिसतं. एसव्हीटी असेल तर बहुतेक वेळा खटकन तुटते. फ्लटर असेल तर तुटत नाही, पण एव्ही नोड क्षणभर बंद होतो, क्यूआरएस थांबतात आणि खालून करवत उघडी पडते. मी एकदा अशा वेळी मागे वळून विचारलं, "स्ट्रिप?" आणि खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसरा डोस फक्त कागदासाठी द्यावा लागला. पेशंटला त्या दहा सेकंदांत छातीत कसं होतं ते विचारा एकदा, म्हणजे बटण विसरणार नाही.

रुंद, इर्रेग्युलर आणि दोनशेच्या वर, असं दिसलं तर मात्र अॅडेनोसिन हातात घेऊ नका, आधी आम्हाला बोलवा. डब्ल्यूपीडब्ल्यूत (वरून खाली जायला जन्मजात जादा आडवाट असते तो विकार) एएफ असू शकतं. तिथे एव्ही नोड बंद करणारं औषध दिलं की सगळी वाहतूक आडवाटेने जाते आणि व्हीएफ होऊ शकतं.

रात्रपाळी मॅडमच्या कागदाच्या कडेबद्दल एक गंमत. वेंकेबाख यांनी आपला ब्लॉक १८९९ मध्ये वर्णन केला. तेव्हा आइंथोव्हेनचं ईसीजी यंत्र यायचं होतं. वेंकेबाखनी तो नाडीच्या आलेखावर अंतरं मोजून ओळखला. एकही पी न बघता! मोबिट्झने दोन प्रकार वेगळे केले ते १९२४ मध्ये, ईसीजी आल्यावर. नुसती अंतरं मोजून माणूस किती लांब जाऊ शकतो बघा.

---

रात्रपाळी

डॉक्टर, बटणाचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे हे काम नेमून दिलेलं असतं. एक सिस्टर औषध, एक सलाइनचा फ्लश, एक फक्त बटण.

फास्ट रिदमवरून माझी एक जुनी चूक सांगते. एक पेशंट, १०२ ताप, रेट १५०. मी लिहिलं सायनस टॅकी. ताप आहे, रेट वाढणारच, यात काय शोधायचं. दर तासाला चार्टवर १५०. तीनला ताप उतरला, ९९ झाला. रेट १५०. पेशंट झोपला, १५०. कुशीवर वळवला, १५०. मी तर मनात म्हणत होते की बाई स्थिर आहे.

सकाळी राउंडला कन्सल्टंटनी स्ट्रिप उचललीच नाही. चार्टवरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दहा तासांत एकदाही १४६ नाही की १५४ नाही? हा सायनस कसा?" सायनस नोडला भीती कळते, झोप कळते, ताप कळतो. तो एका आकड्यावर चिकटून बसत नाही. एट्रिया ३००ने फिरतंय आणि एव्ही नोड दोनांतला एक खाली सोडतोय, म्हणून १५०. करवतीचा एक दात क्यूआरएसच्या आधी पी बनून उभा होता आणि दुसरा टीमध्ये लपला होता. मी त्याचा पीआरसुद्धा मोजून लिहिला होता, ०.१६, व्यवस्थित, सहीसकट.

त्या पेशंटचं पुढे ठीक झालं. पण तेव्हापासून दीडशेच्या आसपास अडकलेला रेग्युलर रेट दिसला की मी दोन पीच्या बरोबर मध्यावर रेघ मारते आणि तिथे तिसरा उभा आहे का बघते.

---

नवी_आयसीसीयूत

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवस झाले, मी स्ट्रिपखाली आधी वर्णन लिहितेय, नाव शेवटी. इन्चार्ज मॅडमनी विचारलं हे एवढं काय लिहिलंयस, पण खोडायला सांगितलं नाही. खिशात घडी घातलेला कागद असतो.

आज मात्र कागदानेच घोळ घातलाय. बारा लीडचा ईसीजी, दुसऱ्या वॉर्डातून आलेल्या पेशंटबरोबर आला. वर्णन असं: रेग्युलर. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी, सगळे सारखे. पीआर नऊ बारीक घरं, म्हणजे ०.३६. क्यूआरएस साडेचार घरं, ०.१८. टी पसरट, लांबच लांब. आर ते आर जवळजवळ आठ मोठी घरं, रेट ३८. मला वाटलं पोटॅशियम वाढलं असणार, रिपोर्ट बघितला तर ४.२, नॉर्मल. पेशंट पलंगावर बसून घरच्यांशी फोनवर बोलतोय, आणि आमच्या मॉनिटरवर रेट ७६. लीड दादांनी सांगितलं होतं म्हणून म्हटलं मशीन टी मोजत असेल, दुप्पट दाखवत असेल. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजलं. ७६च आहे.

नाव लिहायची जागा रिकामी सोडलीय. आता कुठे बघू?

---

रात्रपाळी

रिकामी सोडलीस ते छान केलंस. नाडी मोजलीस ते त्याहून छान.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्पीड छापलेला असतो. २५ आहे की ५०?

---

नवी_आयसीसीयूत

५०.